ढग पूर्वेला, ऊन पश्चिमेला: वादळी हवेत रेल्वेचे फोटो

प्रश्न: मी नागपूरला राहतो. साधा डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ (रुंद दृश्याची) आणि ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. अवकाळी पावसात गाड्यांचे फोटो काढायला गेलो, पण सगळे राखाडी आणि सपाट आले. गाडी पुसट, काही फोटोंत लेन्सवर वाफ धरलेली. डोळ्यांना दिसणारा वादळाचा जोर फोटोत का उतरत नाही? कॅमेरा बदलायला हवा का?

उत्तर: कॅमेरा बदलू नका. आहे तेवढं सामान या कामाला पुरेसं आहे. तुमच्या वर्णनावरून असं दिसतं की तुम्ही पाऊस सुरू झाल्यावर फोटो काढता आहात. भर पावसात आभाळ चारही बाजूंनी सारखं झाकलेलं असतं. ऊन नाही, सावली नाही, ढगाला आकार नाही, आणि तुमच्या नि गाडीच्या मध्ये शेकडो मीटर पाण्याचा पडदा. तिथे महागातला महाग कॅमेराही राखाडीच फोटो देईल. वादळाचा जोर दिसतो तो त्याच्या कडांवर. पहिली वेळ पाणी पडायच्या आधीची, ढग अजून लांब असतानाची, जेव्हा एका बाजूला काळा ढग उभा असतो आणि दुसरीकडून ऊन अजून येत असतं. दुसरी वेळ ढग पुढे सरकल्यावरची, जेव्हा त्याच्या बुडाखालून सूर्य डोकावतो. तुमची जागा, तुमची गाडी आणि तुमचं सेटिंग, तिन्ही या दोन वेळांसाठी ठरवा. मधला पाऊस आडोशाला बसून जाऊ द्या.

आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगले दिवस एप्रिलपासून मृग लागेपर्यंतचे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा चढलेला असतो, दुपारभर जमीन तापते, आणि थोडी ओल कुठूनही आली की तीन-चारच्या सुमारास ढग उभे राहायला लागतात. हे ढग पसरट नसतात, उंच वाढतात आणि वर जाऊन ऐरणीसारखे सपाट होतात. विदर्भावर या काळात वरच्या थरातला वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, त्यामुळे पुष्कळदा वादळ पश्चिमेकडून येतं आणि पूर्वेकडे निघून जातं. संध्याकाळी ढग शहर ओलांडून पूर्वेला गेला की पश्चिम मोकळी होते. गाडीमागे काळंनिळं आभाळ, तुमच्या पाठीमागून तिरपं सोनेरी ऊन आणि मधून जाणारी गाडी! एवढं जुळलं तर साध्या मालगाडीचाही फोटो विसरता येत नाही.

आता दिशा नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेकांची जागा चुकते. मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेच्या वीसेक अंश उत्तरेला मावळतो. नागपूरहून वर्ध्याकडे जाणारी लाइन नैर्ऋत्येला जाते आणि कामठी-गोंदियाची ईशान्येला. म्हणजे दोन्हींचा कल साधारण एकच. या दोन्ही मार्गांवर संध्याकाळी रुळांच्या वायव्य बाजूला उभं राहायचं. ऊन तुमच्या पाठीमागून येऊन गाडीच्या अंगावर पडेल आणि मागे पूर्व-आग्नेयेचं काळं आभाळ मिळेल. कामठीकडे तोंड केलं तर ही डावी बाजू, वर्ध्याकडे तोंड केलं तर उजवी. दुसऱ्या बाजूला उभे राहिलात तर सूर्य डोळ्यांत, गाडी काळी, आभाळ पांढरं. गोधनी-काटोलवरून इटारसीला जाणारी लाइन मात्र वायव्येला जाते, म्हणजे संध्याकाळचा सूर्य जवळजवळ रुळांच्या रेषेत येतो. तिथे नागपूर सोडून दिल्लीकडे निघालेल्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं आणि दिल्लीहून येणारी गाडी प्रकाशाच्या विरुद्ध असते. ही दुसरी गाडी टाकाऊ समजू नका. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर ओले रूळ चमकतात, डब्यांच्या छपरावरून वाफ आणि तुषार उडतात, आणि उलट प्रकाशात ते झळकतात. फक्त फोटो कशाचा हे आधी ठरवा: गाडीच्या रंगांचा की तिच्या आकाराचा.

इंद्रधनुष्य हवं असेल तर साधा हिशोब आहे. मुख्य धनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या बिंदूभोवती ४२ अंशांवर असतं, म्हणून सूर्य ४२ अंशांपेक्षा खाली आल्याशिवाय ते जमिनीवरून दिसत नाही. मेच्या शेवटी आपल्याकडे सूर्य दुपारी बारानंतर लगेच जवळजवळ डोक्यावर असतो आणि तासाला साधारण १५ अंश उतरतो. तेव्हा साडेतीनच्या आधी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. साडेपाच-सहाला ते उंच आणि मोठं मिळतं. १८-५५ लेन्स त्यासाठीच बाहेर काढा, लांबच्या लेन्समध्ये त्याचा तुकडाच येईल.

वादळ कधी येणार हे कळायला अंदाज बांधत बसायची गरज नाही. नागपूरला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे आणि डॉप्लर रडारही आहे. रडारचं चित्र खात्याच्या संकेतस्थळावर दर काही मिनिटांनी बदलतं. दोन चित्रांमध्ये ढगाचा पट्टा किती सरकला ते पाहा, वेळेने भागा, आणि तो तुमच्यापर्यंत केव्हा पोचेल हे बऱ्यापैकी कळतं. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही खातं देतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज कुठे पडते आहे ते दाखवतं, ते फोनमध्ये असलंच पाहिजे. पण उघड्यावर उभं असताना सगळ्यात भरवशाची खूण हवेतच असते. घामट उकाडा, पान हलत नाही, आणि एकदम गार झोत येऊन धूळ उठते. ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरते, तिचा हा पुढचा काठ. त्याच्यामागे काही मिनिटांत पाणी असतं. हा वारा-वावधनाचा क्षण फार मोलाचा, पण गडगडाट जवळ आला असेल तर तो पक्क्या आडोशातूनच टिपा. धूळ, वाकलेली झाडं, कोळशाच्या वाघिणींवरून उडणारी काजळी, आणि अजून कोरडी असलेली हवा.

या क्षणाचा आणखी एक फायदा आहे, जो लांबची लेन्स वापरणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. मेच्या दुपारी खडीवरून इतकी झळ उठते की अर्ध्या किलोमीटरवरचं इंजिन लेन्समध्ये हलत्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. लोक फोकसला दोष देतात, दोष तापलेल्या हवेचा असतो. ढगाची सावली पडून गार वारा सुटला की झळ कमी होते. पाऊस होऊन गेल्यावर तर धूळही बसते आणि हवा काचेसारखी होते. ५५-२५० चं लांब टोक तेव्हा वापरा. भर पावसात मात्र लेन्स जितकी लांब तितका मध्ये पाऊस जास्त, म्हणून पावसात जवळ आणि रुंद.

जागांबद्दल. अजनीचा फलाट सुरुवातीला उत्तम: वर छप्पर, गाड्या भरपूर, जवळच इलेक्ट्रिक लोको शेड असल्याने इंजिनांची ये-जा, आणि पाऊस आला तरी दोन पावलांत आडोसा. मुख्य स्टेशनची सावनेरच्या वालुकाश्मातली इमारत १९२५ पासून उभी आहे. पावसात भिजल्यावर तो दगड गडद होतो आणि संध्याकाळच्या दिव्यांत फार सुंदर दिसतो. तिथे गाडीइतकाच इमारतीचाही विचार करा. मोकळं आभाळ हवं असेल तर शहराबाहेर पडा. बुटीबोरी-बोरखेडी-सिंदीच्या बाजूला सपाट शेतं आहेत, क्षितिज खाली आहे, आणि गावरस्त्यावरून रुळांना हात न लावता गाडी पूर्ण दिसते. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा पुढे घेता येतात. डायमंड क्रॉसिंगबद्दल, म्हणजे नागपूरला रूळ एकमेकांना आडवे छेदतात त्या जागेबद्दल, सगळेच विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: वादळाच्या फोटोसाठी ती जागा निरुपयोगी आहे. रुळांची ती फुली वरून पाहायची गोष्ट आहे, जमिनीवरून तिथे आभाळ मिळत नाही. शिवाय तिथवर जायचं म्हणजे रेल्वेच्या हद्दीत घुसणं. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फलाटावर तिकीट काढून जा, स्टेशन मास्तरांना किंवा आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला आधी सांगा, आणि यार्ड, केबिन, मोठे पूल यांच्याकडे कॅमेरा रोखू नका.

कायद्यापेक्षा जिवाची गोष्ट मोठी, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. विदर्भात दर वर्षी वीज पडून माणसं दगावतात, त्यांतली कितीतरी शेतात किंवा झाडाखाली आडोशाला उभी असताना. मोकळ्या शेतात ट्रायपॉड लावून उभा असलेला फोटोग्राफर यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत नसतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी काम बंद, पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या छताच्या बंद चारचाकीत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. या अर्ध्या तासात चांगला प्रकाश निसटू शकतो, तो निसटू द्यावा. म्हणूनच मी वादळाच्या आधीची कड ढग दहा किलोमीटरच्या बाहेर असतानाच टिपायला सांगतो. उंच ढग तेवढ्या अंतरावरूनच पूर्ण दिसतो, डोक्यावर आल्यावर त्याचा नुसता तळ दिसतो. रामझुल्यासारख्या उंच, उघड्या पुलावर गडगडाट चालू असताना थांबू नका. लोखंडी कुंपण, रूळ, तारेचे खांब, एकटं झाड, या सगळ्यांपासून लांब.

रुळांवरची विजेची तार २५,००० व्होल्टची असते. तिच्यापासून दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नये असा नियम आहे आणि ओली छत्री, मोनोपॉड, सेल्फी स्टिक हे सगळं त्यात आलं. पादचारी पुलाच्या जाळीतून हात बाहेर काढून फोटो काढणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरं असं की पावसाच्या आवाजात इलेक्ट्रिक गाडी ऐकूच येत नाही. काही मार्गांवर ती ताशी १३० किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. दोनपेक्षा जास्त लाइन असलेल्या मार्गावर कुठल्या बाजूने येईल याचाही भरवसा नाही. फलाटावर पिवळ्या पट्ट्याच्या आत आणि फाटकाबाहेर रस्त्यावर, याखेरीज तिसरी जागा नाही. येता-जाता नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा पूल आणि लोहापूल यांखाली पाणी तुंबतं. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर गाडी तिथून घालू नका.

सेटिंगकडे येतो. वादळी ढगाखाली प्रकाश किती घटतो याचा डोळ्याला अंदाज येत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि छिद्र एफ ५.६ ला १/८०० सेकंदाचा शटर मिळत असेल, तर दाट ढगाखाली प्रकाश सहा स्टॉपनी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) सहज खाली येतो, म्हणजे तोच शटर ठेवायला आयएसओ ६४०० लागतो. तुमचे पुसट फोटो यामुळेच. कॅमेऱ्याने आयएसओ वाढवला नाही, शटर संथ केला. म्हणून मॅन्युअलवर शटर नि छिद्र स्वतः ठरवा आणि आयएसओ ऑटो ठेवा, कमाल मर्यादा ६४००. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. १३० च्या वेगाची गाडी १/१००० सेकंदात साडेतीन सेंटीमीटर सरकते. अंगावर येणारी गाडी चौकटीत कमी सरकते, तिला १/५०० पुरतं. आडवी जाणारी असेल तर १/१००० च्या खाली येऊ नका.

इंजिनाचा पुढचा दिवा कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवतो. अंधारलेल्या दृश्यात तो एक ठिपका पाहून कॅमेरा कधी सगळं काळं करतो, तर काळ्या ढगाकडे पाहून कधी सगळं उजळ करतो आणि वंदे भारतचं पांढरं नाक किंवा डब्ल्यूएपी-७ या प्रवासी गाडीच्या इंजिनाचं पांढरं अंग जळून जातं. गाडी यायच्या आधी ढगावर चाचणीचा फोटो घ्या, ढग डोळ्याला दिसतो तितकाच काळा येईपर्यंत प्रकाशाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे करा. साधारण पाऊण ते एक स्टॉप. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर ढगाचा निळा-हिरवट रंग कॅमेरा साफ धुऊन टाकतो. तो दिवसाच्या उजेडावर कायम ठेवा. तुमची ‘राखाडी’ची तक्रार अर्धी इथेच सुटेल.

पावसात ऑटोफोकस थेंबांना पकडतो आणि पुढे-मागे धावत राहतो. त्यावर जुना उपाय खांबांचा. विजेच्या प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. ज्या खांबापाशी गाडीचं तोंड हवं आहे त्यावर आधीच फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. सरळ मार्गावर दोन खांबांतलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर असतं, म्हणजे वेगातली गाडी ते दोन सेकंदांत पार करते. आधीच्या खांबाशी गाडी आली की बोट तयार, ठरलेल्या खांबाशी आली की दाबायचं. थोडा सराव मालगाड्यांवर करा. त्या हळू येतात, पुष्कळ येतात, आणि डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन मागे कोळशाच्या डब्यांची लांब रांग घेऊन वळणावर आलं की त्याच्यासारखं दृश्य नाही. प्रवासी गाड्यांत लाल एलएचबी (नव्या धाटणीचे) डबे काळ्या आभाळापुढे सर्वांत उठून दिसतात. वादळात वेळापत्रकावर विसंबू नका. फांदी तारेवर पडली तरी मार्ग खोळंबतो. फोनवर गाडीचं ठिकाण पाहत राहा. तारेचा वीजपुरवठा तुटून गाडी उभी असेल आणि कर्मचारी तारेवर काम करत असतील, तर फोटो लांबून काढा, त्यांच्या वाटेत न येता.

पाऊस स्वतः फोटोत दिसावा असं वाटत असेल तर थेंबाच्या वेगाचा विचार करा. टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो. १/५०० ला त्याची दोन सेंटीमीटरची रेघ उमटते, म्हणजे ठिपकाच. १/६० ला ती पंधरा सेंटीमीटरची होते आणि पाऊस पाऊस दिसतो. पण १/६० ला धावती गाडी हलते. म्हणून पावसाच्या रेघा हव्यात तर गाडी थांबलेली हवी, फलाटावर. थेंब दिसतो तो मागून प्रकाश आणि त्याच्यामागे अंधार असताना, तेव्हा इंजिनाचा दिवा किंवा फलाटावरचा दिवा थेंबांच्या मागे येईल असं उभे राहा. अजनीला संध्याकाळी आडोशातून हा फोटो निवांत मिळतो. वीज आणि गाडी एका चौकटीत हवी असेल तर तेही थांबलेल्या गाडीवर, तिन्हीसांजेनंतर, आयएसओ १००, एफ ८, दहा-पंधरा सेकंदांचा शटर, आणि तुम्ही इमारतीच्या आत. उघड्यावरून हा फोटो काढायचा नाही.

जूननंतर गणित बदलतं. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येला सरकत येतात, ढग पसरट असतात, दिवसच्या दिवस एकसारखा उजेड. तेव्हा कडेचा प्रकाश क्वचित मिळतो. त्या दिवसांत आभाळ चौकटीबाहेर ठेवा आणि हिरवं शेत, ओला फलाट, डबक्यातलं प्रतिबिंब यांत गाडी शोधा.

वाफेचं तुम्ही विचारलंत. एसी गाडीतून गार झालेली लेन्स दमट हवेत काढली की काचेवर पाणी जमतं. मेच्या कोरड्या हवेत हे फारसं होत नाही, पाऊस पडून गेल्यावर आणि जुलै-ऑगस्टमध्ये हमखास होतं. ठिकाणी पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा आणि कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, हळूहळू तापू द्या. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, थांबा. थेंब उडाले तर त्यासाठी लेन्सला हूड आणि पुढे साधा फिल्टर, म्हणजे पुसायला भीती नाही. मायक्रोफायबरचं फडकं एकदा भिजलं की नुसतं पाणी पसरवतं. जुना, पुष्कळदा धुतलेला सुती पंचा जास्त कामाचा. कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड, एवढं पुरतं. धूळ उडत असताना लेन्स बदलू नका, दोन्हींतली कोणती लागणार ते घरून ठरवून निघा. परतल्यावर बॅटरी आणि कार्ड काढा, कॅमेरा बाहेरून टिपून पंख्याच्या हवेत ठेवा, आणि पूर्ण सुकल्यावरच सिलिका जेलच्या डब्यात बंद करा.